दाजींना उचलणारा पट्टा

मित्रांनो, दाराच्या मागे खिळ्याला जो मळकट, जाडजूड पट्टा लोंबतो आहे ना, तो मी. नवीन माणसाला मी एखाद्या फाटक्या बॅगेचा बंद वाटतो. मागे एका पाहुण्याने तर खुशाल माझ्यावर ओली छत्री अडकवली होती. मला राग आला, पण मी काही बोललो नाही. वजन पेलायचे आणि गप्प राहायचे, हेच मी आयुष्यभर केले. आता मात्र माझी शिवण उसवायला लागली आहे, आणि मला कधी कचऱ्यात टाकतील याचा नेम नाही. त्याआधी माझी हकिकत सांगून टाकतो. माझी म्हणजे खरे तर काडी नावाने हाक मारत त्या एका माणसाची.

माझा जन्म जाड सुती पट्ट्या विणणाऱ्या एका कारखान्यात झाला. माझी भावंडे कुठे कुठे गेली. कोणी दप्तरांचे बंद झाले, कोणी खुर्च्यांच्या बैठकी झाले. मला चपला शिवणाऱ्या एका कारागिराने निवडले. त्याने मला दुहेरी घेतले, मेण लावलेल्या दोऱ्याने कडेकडेने शिवले आणि दोन्ही टोकांना कातडे लावले. मग एक टोक पायाखाली दाबून, दात-ओठ खात मला वर ओढून पाहिले. मी तसूभरही हललो नाही. “हा माणसाच्या आधी तुटायचा नाही,” असे तो समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाला. ते ऐकून मी फुगलो होतो. त्या बोलण्यात काय दडले आहे, हे कळण्याइतका मी तेव्हा शहाणा नव्हतो.

ते गिऱ्हाईक म्हणजे पैलवान. लोकांचे घरसामान एका घरातून दुसऱ्या घरात हलवणे हा त्याचा धंदा. मोठे कपाट असले की मला त्याच्या बुडाखालून घेत, माझी टोके पैलवान आणि त्याचा जोडीदार यांच्या खांद्यांवरून जात, आणि दोघे गुडघ्यांतून सरळ उठत. मी किती कपाटे, किती पलंग, किती शिवणयंत्रे उचलली याला गणती नाही. जिन्याच्या वळणावर घरमालकिणी श्वास रोखून उभ्या राहायच्या आणि कपाट सुखरूप खाली टेकले की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. पैलवानाच्या हाती पाण्याचा पेला यायचा, पाठीवर शाबासकीची थाप पडायची. भाव मात्र उचलण्याआधीच ठरलेला असायचा. कपाट केवढे, मजला कितवा, जिना कसा, हे बघून त्यांच्या टोळीचा मुकादम आकडा सांगायचा. लोक घासाघीस करायचे. पण उचलणे हे काम आहे आणि कामाचे पैसे पडतात, याबद्दल कोणाच्याच मनात शंका नसायची.

एका दुपारी आम्ही एका दुकानामागच्या बोळात कपडे धुण्याचे यंत्र उतरवत होतो. पैलवान ट्रक आणि भिंत यांच्यामध्ये पाठमोरा उभा होता आणि मी त्याच्या खांद्यावर होतो. तेवढ्यात दुसऱ्याच कोणाचा तरी ट्रक बोळात उलटा शिरला. ड्रायव्हरच्या कानाला फोन होता. लोक ओरडले, पण व्हायचे ते झालेच. पैलवान वाचला. त्याच्या पाठीचा कणा मात्र कमरेपाशी मोडला आणि दोन्ही पायांतली ताकद कायमची गेली. मला काहीही झाले नाही, साधा दोराही निघाला नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

त्याच्या कपड्यांबरोबर मलाही पिशवीत घालून घरी पाठवले. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांचे ते घर. पैलवानाच्या बायकोने ती पिशवी न उघडताच पलंगाखाली सरकवली. ती एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. नवरा दवाखान्यातून घरी आला आणि ती पेचात सापडली. घरी थांबावे तर पगार बंद, कामावर जावे तर याच्याजवळ कोण? तेव्हा तिचा धाकटा भाऊ कपड्यांची एक पिशवी घेऊन आला. “आठवडाभर आहे मी, ताई,” तो म्हणाला. “तोपर्यंत काहीतरी सोय होईल.”

हा भाऊ घरांना रंग देणारा रंगारी होता. अंगाने इतका बारीक की पैलवान त्याला काडीच म्हणायचा. काडी त्याला दाजी म्हणायचा, आणि ऐकून ऐकून मीही आता दाजीच म्हणतो. दाजी आणि मेहुणा हे नाते मुळात थट्टेचे. एकमेकांना चार टोमणे मारल्याशिवाय त्या दोघांना घास गोड लागत नसे.

पहिल्याच सकाळी काडीने दाजींच्या काखेत हात घातले, जोर केला, आणि दोघेही धाडकन जमिनीवर आले. काडी घाबरून गेला. दाजी छताकडे बघत म्हणाले, “पलंगाखाली पिशवी आहे बघ. त्यातून माझा पट्टा काढ.”

असा मी पुन्हा उजेडात आलो. जमिनीवर पडल्या पडल्या दाजींनी काडीला उचलण्याची विद्या शिकवली. “पाठ नाही वाकवायची, गुडघे वाकव. पट्टा माझ्या पाठीमागून घे. आता मला छातीशी धर. अरे, लाजतोस काय, लग्नाला उभा आहेस का?”

“दाजी, यापेक्षा कपाट बरं,” काडी धापा टाकत म्हणाला. “ते निदान शिकवत तरी नाही.”

“कपाट तुझ्यासारख्याच्या हातात दिलंच कोणी असतं?”

तिसऱ्या का चौथ्या खेपेला दाजी पलंगावर पोहोचले. दाजींनी तोंड भिंतीकडे फिरवले होते. ज्या माणसाने उभ्या जन्मात कोणावर भार टाकला नाही, त्याला मेहुण्याच्या छातीला टेकून उठावे लागले. ते त्यांना किती लागले, हे त्यांच्या पाठीशी असलेल्या मलाच कळले.

मग तो आमचा रोजचा क्रम झाला. पलंगावरून चाकांच्या खुर्चीवर. न्हाणीघराचे दार अरुंद, खुर्ची आत जात नसे, म्हणून तिथून पुढे काडीच्या अंगाखांद्यावर. दाजींच्या पायांना गरम-गार कळत नाही, त्यामुळे काडी आधी स्वतःचा कोपर पाण्यात बुडवून बघायचा. टाचा आणि कंबर रोज उजेडात तपासायचा, कारण एकाच जागी दाब राहिला की कातडी फाटते आणि जखम भरता भरत नाही. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने तो दाजींना माझ्या आधाराने जरा उचलून पुन्हा टेकवायचा. एवढ्या सगळ्यात आठवड्याचा महिना झाला आणि महिन्यांचे वर्ष झाले. रंगकामाचा मुकादम आधी रोज फोन करायचा, मग अधूनमधून, मग त्याने नाद सोडला. काडीच्या नखांत कायम कुठला ना कुठला रंग असायचा. तो धुऊन गेला, आणि बोटे साबणाच्या पाण्याने सुरकुतली.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. धडधाकट माणूस बहिणीच्या घरी बसून खातो, म्हणे. काडी ते हसण्यावारी न्यायचा. दाजी तर त्याला तोंडावरच फुकट्या म्हणायचे. “ए फुकट्या, खिडकी लाव.” “फुकट्या, आज आमटीत मीठ घालायला विसरलास.” “मीठ महाग झालंय दाजी, फुकटात कुठून आणू?” असे चालायचे. दाजींच्या तोंडी तो शब्द मला कधी खुपला नाही. त्यात माया होती आणि ती काडीला कळत होती.

ज्या ट्रकने हे केले त्याच्या विमा कंपनीकडून भरपाई मिळावी, म्हणून न्यायालयात दावा लावलेला होता. एक दिवस वकीलबाई घरी आल्या. दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार, सगळे झाल्यावर त्यांनी विचारले, “यांचं सगळं रोज कोण करतं?”

“माझा भाऊ,” ताई म्हणाली.

“मग तेही मागायचं. हेच काम बाहेरच्या माणसाने केलं असतं तर त्याला द्यावंच लागलं असतं ना?”

ताईचा चेहरा उतरला. “भावाच्या सेवेचे पैसे मागू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या.”

“भावाकडून नाही मागत आहात,” वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. “ज्यांनी यांना असं केलं त्यांच्याकडून मागताय. आणि नीट ऐका. भावाची मदत मोजली गेली तर पुढे पगारी माणूस ठेवता येईल. नाही मोजली, तर तुमच्या एकट्या पगारात हे घर किती दिवस ओढणार? त्यालाही कधीतरी कामावर जावंच लागेल. मग यांना उचलणार कोण?”

ताईने दाव्यात तेही घालायला होकार दिला. जाताना वकीलबाई बजावून गेल्या की न्यायालयाने नेमलेल्या एक बाई घरी पाहणीला येतील. रोज जसे असते तसेच त्यांना दिसू द्या, काही करू नका.

आता मित्रांनो, घरी कोणी येणार म्हटल्यावर काही न करता बसणारे घर तुम्ही पाहिले आहे का? ताईने रजा टाकली. फरशी घासून लखलखीत केली. मेणकापड, लघवीचे भांडे, टाचांखालच्या मळक्या उशा, सगळे मोरीमागे लपवले. दाजींची दाढी झाली, इस्त्रीचा शर्ट चढला. काडीने त्यांना चाकांच्या खुर्चीतून उचलून घरातल्या एकुलत्या एका चांगल्या खुर्चीत बसवले आणि पाठीमागे दिसणार नाही अशी उशी लावली. मग मला घडी घालून गादीखाली कोंबले. दाजी इतके रुबाबदार दिसत होते की मला गादीखालूनही अभिमान वाटला.

पाहणीला आलेल्या बाई चांगल्या होत्या. आवाज मऊ, प्रश्न सरळ. “सकाळी उठायला, अंघोळीला कोणाची मदत लागते का?”

“छे हो,” दाजी म्हणाले. “माझं मी करतो सगळं.”

“सगळं?”

“अगदीच अडलं तर हा देतो हात.”

“तुम्हाला फार करावं लागतं का?” बाईंनी ताईला विचारले.

“त्यात करण्यासारखं काय? घरचंच माणूस आहे. तुम्ही चहा घ्या ना, गार होतोय.”

“आणि हे कोण?”

“हा माझा मेहुणा,” दाजी ऐटीत म्हणाले. “आमचा फुकट्या. कामधंदा काही नाही, बहिणीच्या जिवावर मजेत राहतो.”

सगळे हसले. काडी सगळ्यांत मोठ्याने हसला. बाईही हसल्या, आणि त्यांनी ते लिहून घेतले. मला गादीखाली घाम फुटायचा बाकी होता. मी इथे आहे, मला बाहेर काढा, असे ओरडावेसे वाटत होते. पण पट्ट्याला तोंड कुठे असते?

बाई गेल्या तेव्हा घरात आनंदीआनंद होता. पाहुणचार छान झाला होता. काडीने मला बाहेर ओढून दाजींना उचलले आणि त्याचे हसू मावळले. इतका वेळ न हलता बसल्यामुळे दाजींच्या कमरेखाली लालभडक चट्टा उठला होता. पुढे किती तरी दिवस तो त्यांना पालथे झोपवून त्यावर मलम लावत होता.

तो अहवाल वाचून वकीलबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पण आता तो न्यायालयात पोहोचला होता.

सुनावणीला मीही गेलो. गाडीतून उतरवायला आणि मधूनमधून उचलायला मी लागणारच होतो. विमा कंपनीचे वकील वयस्कर आणि सभ्य होते. त्यांनी आवाज न चढवता वाचून दाखवले, “जखमी व्यक्ती आपली बहुतेक कामे स्वतः करते. घरात पत्नीचा भाऊ राहतो. तो बेकार असून बहिणीच्या उत्पन्नावर जगतो, असे जखमी व्यक्तीने स्वतः सांगितले आहे.” मग ते न्यायाधीशांकडे वळले. “म्हणजे या घराने त्या गृहस्थाला पोसलं आहे. त्याच्या मदतीचा मोबदला मागणं म्हणजे जरा अतीच होतंय.”

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसले. घरातली थट्टा घरात असते तोवर थट्टा. तीच एका परक्या आवाजात, कागदावरून, भरल्या खोलीत वाचली गेली तेव्हा ती नुसती नालस्ती उरली. काडीने मान खाली घातली आणि आपल्या नखांकडे बघत राहिला. दाजींचे कान लाल झाले होते.

दुपारच्या सुट्टीत काडीने दाजींची खुर्ची बाहेरच्या व्हरांड्यात नेली. मला त्यांच्या पाठीमागून घेतले, उचलले, टेकवले. एरवी या वेळी दोघांचे काही ना काही चालू असायचे. आज काडी नुसते काम उरकत होता. दाजींनीच शेवटी तोंड उघडले. “हळू रे, काडी.”

“हो.”

“भूक लागली का?”

“नाही.” काडीने मला नीट घडी घालून दाजींच्या मांडीवर ठेवले. “दाजी, एका ठिकाणी रंगाचं काम निघालंय. पुढच्या आठवड्यापासून जाईन म्हणतो.”

“आणि मी?”

“बघू. करू काहीतरी.” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर दाजींनी त्याला शिव्या घालून तो पळवून लावला असता. तो नुसता थकलेला होता. दाजी बोटाने माझी शिवण चाचपत राहिले.

सुट्टीनंतर दाजींची साक्ष झाली. “तुमचं रोजचं कोण करतं?” वकीलबाईंनी विचारले.

“मी माझं…” दाजी सवयीने म्हणाले आणि थांबले. त्यांनी काडीकडे पाहिले. मग न्यायाधीशांकडे न बघता, काडीकडेच बघत ते बोलू लागले.

“काल सकाळी माझी गादी भिजलेली होती. मला ते कळतसुद्धा नाही, याला वासावरून कळतं. हा काही बोलत नाही. मला कुशीवर करतो, पुसतो, चादर बदलतो. बायकोला जाग यायच्या आत सगळं आवरून टाकतो, म्हणजे तिला दिसायला नको, मला लाज वाटायला नको. तिला हे आत्ता पहिल्यांदा कळतंय.”

ताईने तोंडावर पदर घेतला.

“मग हा मला अंघोळ घालतो. मी ओरडतो, पाणी गरम आहे म्हणून. माझ्या पायांना कळत नाही गरम-गार, तरी ओरडतो. हा स्वतःचा कोपर दाखवतो. बघा दाजी, भाजलाय का? असं रोज.”

विमा कंपनीचे वकील उठले. “मग पाहणीच्या दिवशी तुम्ही उलटं का सांगितलंत? खरं कुठलं धरायचं?”

“साहेब, त्या दिवशी घरी पाहुण्या आल्या होत्या. पाहुण्यांना मी काय ओली चादर दाखवू?”

“आणि यांना फुकट्या म्हणालात ते?”

दाजी आता वकिलांकडे वळले. “लोकांची कपाटं उचलण्यात माझा जन्म गेला, साहेब. आता हा मला उचलतो. दुसऱ्याच्या अंगावर असा भार टाकताना तोंडातून काहीतरी काढायला लागतं, नाहीतर रडू येतं. म्हणून मी त्याला नावं ठेवतो. ती माझी खोड आहे. ते त्याचं मोल नाही.”

वकिलांनी कागद मिटले. त्यांना आणखी काही विचारायचे नव्हते. पाहणीच्या बाईही तिथे बसलेल्या होत्या. न्यायाधीशांनी विचारले तेव्हा त्या उठून स्पष्टच म्हणाल्या, “मी यांना जागेवरून हलताना पाहिलंच नव्हतं. मला पुन्हा जायला हवं.”

काडी त्या आठवड्यात रंगकामाला गेला नाही.

या वेळी बाई न कळवता सकाळीच आल्या. ताईचे केस विंचरायचे होते आणि मोरीत चादर भिजत पडली होती. बाईंनी चहाला नको म्हटले आणि कोपऱ्यात स्टूल घेऊन बसल्या. काडीने मला दाजींच्या पाठीमागून घेतले. उचलताना त्याच्या मानेची शीर तट्ट फुगली. परत टेकवल्यावर तो कमरेवर हात ठेवून क्षणभर वाकलेलाच राहिला, ते बाईंच्या नजरेतून सुटले नाही. त्यांनी मला हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. “हा त्या दिवशी कुठे होता?”

“गादीखाली,” ताई खाली मान घालून म्हणाली.

निकाल लागला. काडीची मदत मोजली गेली, बाहेरच्या मदतनिसाला जे पडले असते त्या दराने. मागितले तेवढे सगळे मिळाले नाही. नुसते सोबत बसणे आणि गप्पा मारणे धरता येत नाही, असे न्यायाधीशांनी सांगितले. “बरं झालं,” काडी म्हणाला, “गप्पांचे लावले असते तर विमा कंपनी बुडाली असती.” पुढच्यासाठीही तरतूद झाली, म्हणजे सकाळ-संध्याकाळ पगारी मदतनीस येणार होता. एक गोष्ट मात्र न्यायाधीशांनी दाजींना मुद्दाम समजावली होती. पैसे तुमच्या नावावर येतील, पण मेहुण्याच्या मदतीचे जे आहेत ते त्याचे आहेत, ते त्याला पोहोचले पाहिजेत.

खरी पंचाईत इथे झाली. पैसे आले. दाजींनी त्यातला काडीचा वाटा पाकिटात घालून उशाशी ठेवला. सकाळी काडी मला घेऊन आला तेव्हा त्यांनी ते पुढे केले.

काडीने हातही लावला नाही. “ठेवा तिकडे. बहिणीच्या घरी मजुरी घेऊ का मी?”

“मजुरी नाही, तुझे आहेत.”

“मला नकोत. चला, उठा.”

“नाही उठत,” दाजी म्हणाले आणि त्यांनी पलंगाचा गज दोन्ही हातांनी घट्ट धरला.

काडीला आधी ती थट्टाच वाटली. त्याने मला त्यांच्या पाठीमागून सरकवले. दाजींनी मला बाहेर ओढून फेकून दिले. मी फरशीवर पडलो.

“दाजी, लहान आहात का? गादी भिजेल.”

“भिजू दे.”

“पाठीला चट्टा उठेल परत.”

“उठू दे. तू घेत नाहीस तोवर मी हलणार नाही. माझ्याकडे दुसरं काय आहे रे अडवून धरायला? हे एवढं वजनच आहे.”

ताई कामावर निघाली होती. ती पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यात थबकली. मग आत आली, मला फरशीवरून उचलले आणि भावाच्या हातात दिले. “घे रे,” ती म्हणाली. “मी रोज बिनघोर कामावर जायची ते तुझ्या जिवावर. आणि माझ्याच गल्लीत लोक तुला नाही नाही ते बोलले, मी एकालाही उलट बोलले नाही. आता तू हेही नको म्हणालास तर मी कुठल्या तोंडाने बाहेर पडू?”

काडी मला मुठीत आवळून उभा होता. एवढे दिवस त्याने मला धरले, पण असे कधी धरले नव्हते. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. दाजी गज सोडत नव्हते. त्यांची चादर ओली होऊ लागली होती. ते आम्हा सगळ्यांना दिसत होते, आणि या वेळी ते लपवायची कोणी धडपड केली नाही.

काडी पुढे झाला. त्याने पाकीट उचलले, न उघडता शर्टाच्या खिशात घातले आणि वरून बटण लावले.

“लावलंस बटण?” दाजींनी विचारले.

“लावलं.”

तेव्हा कुठे दाजींनी गज सोडला आणि दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकले. काडीने मला त्यांच्या पाठीमागून घेतले आणि गुडघ्यांतून उठला. दाजींचे वजन नेहमीएवढेच होते. मी ते नेहमीसारखेच पेलले. पण दोघांच्या छात्यांमध्ये ते पाकीट दबले होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा दाजींनी उचलून घेताना तोंड भिंतीकडे फिरवले नाही.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. मला नीट ठेवा, ऊन दाखवा, असे काही मी मागणार नाही. मी सूत आणि कातडे आहे, मी उसवलो की दुसरा शिवून मिळेल. पण तुमच्या घरातही कोणीतरी कोणाला तरी उठवत असेल, भरवत असेल, रात्रंदिवस कूस बदलून देत असेल. ते घरचेच माणूस आहे, म्हणून त्याच्या कमरेची चौकशी कोणी करत नसेल. तुम्ही करा. त्याने किती केले ते त्याच्या तोंडावर, चार लोकांत सांगा. त्याचे जे असेल ते त्याच्या हातात द्या. तो नको म्हणेल. तरी द्या, आणि तो घेईपर्यंत तिथून हलू नका.